कोंडूने घर मंजूर केलं

एका गावात एक भोळा गडी होता. त्याचं नाव कोंडू. पुढे गावाची नगरपंचायत झाली आणि भोळा गडी सरकारी झाला.

कोंडू आळशी नव्हता. आळशी असता तर गावाचं बरंच नुकसान टळलं असतं. सांगितलेलं काम तो शेवटापर्यंत न्यायचा. आधी तो शाळेत घंटा वाजवायला होता. गुरुजींनी सांगून ठेवलं होतं, "पोरं जमेपर्यंत बडवत राहायचं." एकदा कोंडू रविवारी शाळेत गेला. पोरं काही जमेनात. कोंडू दिवस मावळेपर्यंत बडवत राहिला. सोमवारी घंटेला तडा गेलेला होता. गुरुजींनी हात जोडून त्याला नगरपंचायतीत पाठवलं.

नगरपंचायतीत ढोबळे साहेब होते. गावातल्या इमारतींचं वायरिंग तपासायचं, नीट असेल तर मंजूर करायचं, हे त्यांचं काम. पूर्वी या गावात वीज आकडा टाकून यायची आणि वारा सुटला की जायची. आता नियम आला होता. वायरिंग मंजूर झाल्याशिवाय नव्या घराला जोडणी नाही. साहेब स्वतः जाऊन बघायचे. पण कोंडू आला त्याच आठवड्यात साहेबांची कंबर धरली. खुर्चीतून उठवेना. म्हणून साहेब खुर्चीत बसून राहिले आणि तपासणीला कोंडू जाऊ लागला.

तपासणीची सगळ्यात जास्त वाट बघत होती मालन.

मालन म्हणजे तोडमलांची नवी सून. दिनकर तोडमलचं सायकलींचं दुकान होतं आणि घर म्हणजे एक लांबट खोली. त्या खोलीत सासरे आप्पा, सासू ठकूबाई आणि दिनकरची म्हातारी राहीआत्या. लग्न झालं तेव्हा खोलीच्या मधोमध जुन्या लुगड्याचा पडदा आला. पडद्याच्या अलीकडे राहीआत्या निजायची. तिला दिवसा कमी ऐकू यायचं आणि रात्री जास्त. पलीकडे बांगडी वाजली की आत्या विचारायची, "कोण हललं?"

मग कोणीच हलायचं नाही.

दिनकर शहाणा होता. त्याने परसातच दोन खोल्या बांधायला काढल्या. न्हाणी आत, संडास आत, मोरी आत. "बाहेर पडायला लागायला नको," असं त्याने गवंड्याला सांगितलं होतं. गवंड्याने मान डोलावली होती. तोही कधीतरी नवा होता.

खोल्या झाल्या. रंग लागला. वायरिंग झालं. राहिली फक्त मंजुरी. आप्पांनी सांगून टाकलं, "दिव्याशिवाय नव्या घरात राहायला जायचं नाही. आणि आषाढ लागायच्या आत प्रवेश झाला पाहिजे. नाही झाला तर मग दिवाळीनंतर."

मालन म्हणाली, "हो."

लग्न होऊन आल्यापासून ती सगळ्याला हो म्हणत होती. चहात साखर कमी चालेल का, हो. भाकरी थापता येते ना, हो. पडद्यामागे उकडत नाही ना, त्यालाही हो. पण दिवाळी म्हटल्यावर तिने पडद्याकडे एकदा बघितलं.

तोडमलांचा नंबर लागायच्या आधी गावात दुसऱ्या तपासण्या होत्या. पहिली तपासणी काशिनाथच्या गिरणीची.

साहेब म्हणाले, "जा, आणि बटणं दाबून बघ चालतात का. समजलं?"

कोंडू म्हणाला, "समजलं."

काशिनाथ मागे डबे मोकळे करत होता. गिरणीत दोन जाती. एक पिठाचं, एक मिरचीचं. त्या दिवशी पिठाचं बिघडलेलं, म्हणून काशिनाथने बायकांची उपासाची भगर मिरचीच्या जात्याच्या तोंडात नुसती ओतून ठेवली होती, दुसरीकडे जागा नव्हती. कोंडूने बटण दाबलं. चाललं. कोंडूला समाधान वाटलं. सगळी भगर दळून होईपर्यंत तो बघत उभा राहिला.

एकादशीला अख्ख्या आळीने लाल थालीपीठं खाल्ली. उपास मोडला की नाही यावर वाद झाला. नाकं मात्र सगळ्यांची वाहिली.

साहेब म्हणाले, "अरे, आधी मेन स्विच बंद करायचा. मग हात लावायचा. कुठेही जा, आधी बंद. समजलं?"

"समजलं," कोंडू म्हणाला. आणि त्याला खरोखरच समजलं होतं. घोटाळा तोच होता.

दुसरी तपासणी गणपत न्हाव्याच्या दुकानाची. नगराध्यक्ष खुर्चीत बसले होते. विजेचं मशीन कानापासून निघून टाळूपर्यंत आलं होतं. कोंडू आत गेला आणि आधी मेन बंद केला. मशीन टाळूवरच थांबलं.

"लाइट गेली का?" नगराध्यक्षांनी विचारलं.

"मी बंद केली," कोंडू म्हणाला. "तपासणी आहे. कोणी काही हलवू नका."

कोंडूने सावकाश तपासलं. एकेक वायर बघितली. आरशामागे बघितलं. खुर्चीखाली बघितलं. तेवढ्यात नगराध्यक्षांना सभेचं बोलावणं आलं. ते फेटा बांधून गेले. सभेत सत्काराचा दुसरा फेटा बांधायला कोणीतरी पहिला उतरवला. त्या सत्काराचे फोटो अजून गावात आहेत. एका बाजूने काढलेले चांगले आले आहेत.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अरे कोंडू, आत माणसं असतात. त्यांना विचारायचं. आतल्यांना विचारल्याशिवाय काही बंद करायचं नाही, काही उघडायचं नाही. ते हो म्हणाले तर हो, नको म्हणाले तर नको. समजलं?"

"समजलं."

तिसऱ्या वेळी कोंडूला कुठे जावंच लागलं नाही. नगरपंचायतीचाच बोर्ड तडतडला. गावभर वायरिंग तपासणाऱ्या कचेरीचं स्वतःचं वायरिंग कोणी तपासलेलं नव्हतं. ठिणग्या उडाल्या, धूर आला. कोंडू उठला आणि मेनजवळ गेला. मग त्याला आठवलं.

तो जन्ममृत्यूच्या बाईंकडे गेला. "बाई, मेन बंद करू का?"

"कर ना बाबा, लवकर कर."

तो पाणीपट्टीच्या कारकुनाकडे गेला. "मेन बंद करू का?"

"अरे कर."

बाकावर एक म्हातारा झोपला होता. दाखला न्यायला आलेला. कोंडूने त्याला हलवून उठवलं. म्हातारा म्हणाला, "माझं काय जातंय, कर."

एवढ्यात साहेबांच्या खुर्चीमागचा पडदा पेटला. साहेबांना उठता येईना. "कोंड्या, बंद कर," ते ओरडले.

"करतो साहेब. सगळ्यांना विचारून झालं. फक्त कुलकर्णीभाऊसाहेब चहाला गेलेत. ते आतलेच आहेत. आले की करतो."

त्या दिवशी साहेबांची कंबर सुटली. ते खुर्चीसकट बाहेर आले, पण आले. बाहेर येऊन पुन्हा धरली.

साहेब अंगणात खुर्चीत बसून म्हणाले, "पेटलेलं दिसलं की विचारायचं नाही. बघत बसायचं नाही. पाणी टाकायचं नाही. वाळू टाकायची. बादलीभर वाळू. समजलं?"

"समजलं," कोंडू म्हणाला आणि त्याच दिवसापासून वाळूची बादली घेऊन हिंडू लागला.

मग तोडमलांचा नंबर आला.

त्या दिवशी तोडमलांकडे गवंड्यांचं जेवण होतं. घर बांधून झालं की गवंड्यांना पुरणपोळी घालायची, ही रीत. नव्या खोल्यांसमोर चूल मांडली होती. चुलीला हळदीकुंकू वाहिलं होतं. वर पुरणाचं पातेलं रटरटत होतं. मालन फुंकणी घेऊन बसली होती आणि ठकूबाई वेलदोडे कुटत होत्या. कोंडू फाटकातून आत आला.

त्याला पेटलेलं दिसलं.

विचारायचं नव्हतं. बघत बसायचं नव्हतं. कोंडूने बादली उपडी केली. चूल विझली. बरीचशी वाळू पातेल्यात गेली.

ठकूबाई उलथनं घेऊन उठल्या. "मेल्या, तुझ्या घरी पोळ्या खातात का रेती?"

"काकू, पेटलं होतं," कोंडू म्हणाला.

"पेटवलं होतं मी."

"हे साहेब बोलले नव्हते," कोंडू म्हणाला आणि उलथनं जवळ आल्यामुळे फाटकाबाहेर गेला. तपासणी राहिली. गवंड्यांनी पुरण खाऊन बघितलं. एक जण म्हणाला, "यात सिमेंट कमी पडलंय."

मालनला हसू आलं. तिने फुंकणी तोंडाला लावली. विझलेल्या चुलीला ती बराच वेळ फुंकत राहिली.

ठकूबाई तडक कचेरीत गेल्या. साहेबांनी त्यांची माफी मागितली आणि कोंडूला पुढ्यात उभं केलं. "अरे, त्या चुलीला हळदीकुंकू होतं. दिसलं नाही तुला? जिथे हळदीकुंकू दिसेल तिथे हात लावायचा नाही. बूट काढायचे. नमस्कार करायचा. प्रसाद दिला तर खायचा. समजलं?"

"समजलं."

इकडे ठकूबाई घरी आल्या. पहिली तपासणी अशी गेली, आता दुसरी तरी सुरळीत व्हावी म्हणून त्यांनी नव्या घरातल्या स्विचबोर्डाला हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूचं फूल खोचलं आणि गुळाचा खडा ठेवला.

कोंडू आला. बोर्ड बघितला. बूट काढले. हात जोडले. मग त्याला वाटलं, प्रदक्षिणाही घालावी. बोर्ड भिंतीत होता. बोर्डाला प्रदक्षिणा म्हणजे भिंतीलाही प्रदक्षिणा. कोंडू बाहेर पडला, घराला वळसा घालून परत आला, पुन्हा हात जोडले, गूळ खाल्ला आणि निघाला.

दिनकर मागे धावला. "कोंडूभाऊ, मंजूर ना?"

"देवाची इच्छा," कोंडू म्हणाला.

कचेरीत साहेबांनी विचारलं, "झाली तपासणी?"

"दर्शन झालं, साहेब. छान झालं."

साहेबांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "कोंडू, तू तिथे दोष शोधायला जातोस. दोष. आता जा आणि दोष सापडल्याशिवाय मला तोंड दाखवू नकोस. समजलं?"

"समजलं."

कोंडू पुन्हा गेला. मालनने आधीच बोर्ड पुसून ठेवला होता. कोंडूने बोर्ड उघडला. दोष नव्हता. अर्थिंग बघितलं. दोष नव्हता. दिनकरने वायरिंग स्वतः उभं राहून करून घेतलं होतं. स्वतःला राहायचं असलं की माणूस दोष ठेवत नाही.

संध्याकाळ झाली तरी दोष सापडेना. सापडल्याशिवाय परत जायचं नव्हतं. कोंडू नव्या घरात राहिला. घरून वळकटी मागवली. तांब्या मागवला. आतल्या खोलीत, जिथे दिनकरने पलंगाची जागा ठेवली होती, तिथे कोंडूने पथारी पसरली.

आता लांबट खोलीत तोडमलांची पाच माणसं आणि नव्या दोन खोल्यांत एकटा कोंडू, असं झालं. घर हवेशीर आहे असं तो ज्याला त्याला सांगू लागला.

दिनकर दाराबाहेर उभा राहून विनवायचा. "कोंडूभाऊ, दोष नाही हे चांगलंच की. जाऊन सांगा तसं."

"सापडला नाही तर जाऊ कसा?"

"आणि सापडला तर?"

"मग मंजूर कसं होईल?"

दिनकर दुकानात जाऊन एकाच सायकलचं पंक्चर पुन्हा पुन्हा काढत बसायचा. भटजींनी मुहूर्त दिला होता. जवळ येत चालला होता. त्याच्यानंतर आषाढ.

कोंडूचा डबा घेऊन जायचं काम मालनकडे होतं. ती डबा ठेवायची, कोपऱ्यात बसायची आणि बघायची. कोंडू वायरीकडे बघायचा, मालन कोंडूकडे. एके दिवशी तिने हळूच विचारलं, "भाऊ, दोष कशातला पाहिजे, ते साहेब बोलले का?"

कोंडूने आठवून बघितलं. "नाही. नुसता दोष बोलले."

"हो का," मालन म्हणाली आणि रिकामा डबा घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी तिने आमटीत मीठच घातलं नाही. कोंडूने भुरका मारला. थांबला. पुन्हा मारला.

"वहिनी, राग मानू नका. आमटी अळणी आहे."

मालनने मान खाली घातली. "दोषच म्हणायचा."

"मोठाच आहे," कोंडू म्हणाला. मग त्याच्या तोंडावर उजेड पडला. त्याने ताटाला नमस्कार केला, वळकटी काखोटीला मारली आणि पळत कचेरीत गेला.

"साहेब, सापडला. आमटीत मीठ नाही."

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं. आता त्यांचा आवाज चढत नसे. "आणि वायरिंग?"

"त्यात काही नाही, साहेब. मी तिथेच राहत होतो. उठून बघायचो, जेवून बघायचो. काही नाही सापडलं."

साहेब खुर्चीत थोडे सरळ झाले. एवढी तपासणी त्यांनी स्वतःही कधी कोणाची केली नव्हती. ते म्हणाले, "म्हणजे तोडमलांचं घर मंजूर."

त्याच दिवशी खांबावरून जोडणी झाली. ठकूबाईंनी पेढे वाटले, कोंडूला दोन दिले. आणि साहेबांना अखेर जिल्ह्याच्या डॉक्टरांची वेळ मिळाली. ते जीपमध्ये आडवे झाले. पण जीप सुटता सुटता त्यांना आठवलं, तोडमलांच्या मीटरच्या पेटीला सील लावायचं राहिलं.

"कोंडू, मंजूर झालं की सील करायचं असतं. आणि एकदा सील लावलं की मी स्वतः आल्याशिवाय कोणालाही तोडू द्यायचं नाही. कोणी कितीही बोंबलू दे. समजलं?"

"साहेब, सील कशाला लावायचं?"

"आपण जे मंजूर केलं त्याला."

"आणि मंजूर काय केलं?"

"अरे, तोडमलांचं घर. विसरलास?" साहेब म्हणाले. जीप निघून गेली.

"समजलं," कोंडू धुळीला म्हणाला.

मुहूर्त गोरजाचा होता. अंगणात पाहुणे जमले. दारात रांगोळी, उंबऱ्याला हळदीकुंकू. कोंडूही आला. ठकूबाईंनी आधी त्याचे हात बघितले. बादली नव्हती. खांद्याला पिशवी होती. त्याने उंबऱ्याला नमस्कार केला, बूट काढून बाजूला ठेवले. ठकूबाई म्हणाल्या, "सुधारलं बाई पोर."

आप्पांनी सांगितलं, आधी लेक-सून आत जातील, सून दिवा लावेल, मग बाकीचे. मालनने कलश घेतला, माप ओलांडलं. मागून दिनकर गेला. आत बटणाचा आवाज झाला आणि घर उजळलं.

दिवेलागणीला दिवा लागला की हात जोडायचे. निरांजन असो, बल्ब असो. अंगणातल्या सगळ्यांनी उजेडाकडे बघून हात जोडले, डोळे मिटले आणि आपापलं पुटपुटू लागले. राहीआत्याचं सगळ्यांत लांबलं. तिला पूर्वजांची नावं घ्यायची होती.

डोळे उघडले तेव्हा दार बंद होतं. कडीला तार गुंडाळलेली, तारेवर फडकं, फडक्यावर लाल लाख आणि लाखेवर नगरपंचायतीचा शिक्का. कोंडू लाखेवर फुंकर घालत होता.

"हे काय रे?" आप्पा म्हणाले.

"सील," कोंडू म्हणाला. "घर मंजूर झालं."

"अरे, पोरं आत आहेत."

"असू देत, आप्पा. सील घराला आहे, पोरांना नाही."

ठकूबाई मागच्या दाराकडे धावल्या आणि तशाच परत आल्या. मागचं दार कोंडूने आधी केलं होतं. खिडक्यांना नवे गज होते. दिनकरने दणकट बसवून घेतले होते.

"उघड मेल्या, कोंड्या."

"साहेब स्वतः आल्याशिवाय नाही, काकू. कोणी कितीही बोंबललं तरी नाही, असं बोललेत." आणि कोंडू उंबऱ्याशी पाठ टेकून बसला. सरकारी सील तोडलं तर कोर्टात जावं लागतं, असं पाहुण्यांतला एक जण म्हणाला. मग कोणी पुढे झालं नाही.

आतून दिनकर पहिल्यांदा ओरडला, "अहो, उघडा." थोड्या वेळाने कमी ओरडला. मग ओरडायचा थांबला.

नैवेद्याचं ताट गजांतून तिरकं करून आत गेलं. दुसऱ्या दिवशी भाकऱ्या गेल्या, त्या गोल असून गेल्या. डाळ गेली, तांदूळ गेले, मीठ गेलं. पाहुणे पांगले. राहीआत्या खिडकीखाली पाट टाकून बसायची आणि मधूनच विचारायची, "कोण हललं?" पण भिंती नव्या होत्या, जाड होत्या. उत्तर यायचं नाही.

साहेब परतले तोवर आषाढ लागला होता. ते कंबरेला पट्टा बांधून, काठी टेकत तोडमलांच्या अंगणात आले. त्यांनी सील बघितलं. कोंडूकडे बघितलं. काठी उचलली. कंबर आठवली, खाली ठेवली.

"फोड ते," ते म्हणाले.

"फोडतो," कोंडू म्हणाला आणि हातोडी घेतली. हातोडी वर गेली आणि वरच थांबली. "साहेब, आतल्यांना विचारलं पाहिजे."

"अरे, फोड."

"तुम्हीच सांगितलंय. विचारल्याशिवाय काही बंद करायचं नाही, काही उघडायचं नाही. बंद करताना मी विसरलो. आता नाही विसरणार."

साहेब दमले होते. "विचार बाबा," ते म्हणाले.

कोंडूने दारावर टकटक केलं. "वहिनी, साहेब आलेत. दार उघडू का?"

आत काहीतरी कुजबुजलं. बांगड्या वाजल्या. ठकूबाई, आप्पा, साहेब, सगळे कान देऊन उभे राहिले. सून काय म्हणणार ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ती हो सोडून दुसरं कधी बोललीच नव्हती.

"नको," मालन म्हणाली.

कोंडूने हातोडी खाली ठेवली आणि साहेबांकडे वळला.

"समजलं?" त्याने विचारलं.